देव्हाऱ्यातल्या पितळी देवांच्या हातात आता काय उरले आहे?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

नवरात्र जवळ आले की देव उजळण्याचे घरगुती उपाय सगळीकडे फिरू लागतात. आपल्या पुरवणीतही ते दर वर्षी असतात. ‘चिंचेच्या कोळात मूठभर मीठ घालून पितळी देव रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी सोन्यासारखे लखलखतील’ हा त्यातला सर्वांत आवडता उपाय, आणि नुकसानही तोच सर्वांत जास्त करतो. सकाळी देव सोन्यासारखे निघत नाहीत, गुलाबी-तांबूस निघतात. मग तो गुलाबीपणा घालवायला घरचा कोणीतरी तारेची घासणी हातात घेतो. असे चार-पाच दसरे गेले की अन्नपूर्णेच्या हातातली पळी जाते, खंडोबाचा खंडा जातो, आणि देव्हाऱ्यात कोणाची मूर्ती आहे हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे लागते. या छोट्या मूर्ती ओतल्या कशा जातात, घेताना काय बघावे आणि धुताना कुठे थांबावे, हे एकदा नीट सांगण्यासाठी हे पत्र.

घरच्या पूजेतली मूर्ती अंगठ्याच्या पेराएवढीपासून वीतभरापर्यंत असावी, त्याहून मोठी नको, असे मत्स्यपुराणात म्हटले आहे. आपल्याकडचे बहुतेक पितळी देव त्यातही दोन ते चार इंचांचे. तीन इंचांच्या मूर्तीचा पंजा पाच-सहा मिलिमीटरचा भरतो आणि त्या पंजातली वस्तू दोन-तीन मिलिमीटरची. देवाची सगळी कथा या दोन मिलिमीटरांत असते. चेहरा बघून देव ओळखता येत नाही. इतक्या लहान ओतकामात सगळ्यांचे चेहरे सारखेच येतात. देव ओळखायचा तो हातावरून.

अन्नपूर्णाच घ्या. शंकर म्हणाले, जग ही माया आहे आणि अन्नही मायाच. ते ऐकून पार्वती अंतर्धान पावली, चुली विझल्या, आणि शेवटी खुद्द शंकर काशीला तिच्या दारी भिक्षापात्र घेऊन उभे राहिले. ही सगळी गोष्ट सांगायला मूर्तीत एकच खूण असते, ती म्हणजे पळी. आपल्याकडच्या पारंपरिक अन्नपूर्णेत देवी मांडी घालून बसलेली असते आणि पळी दोन्ही हातांत आडवी धरलेली असते. पळीचा दांडा जेमतेम दीड मिलिमीटर जाडीचा. तो झिजला की उरते ती हात जुळवून बसलेली कोणीही बाई. गौरीहराला नवरी जिला तांदळाच्या राशीवर बसवून पुजते आणि सासरी घेऊन जाते ती हीच मूर्ती. सध्या दुकानांत अन्नपूर्णा म्हणून गोल मुकुटाची, मांडीवर नुसते हात ठेवलेली मूर्ती सर्रास मिळते. पळी नसेल तर ती अन्नपूर्णा नव्हे. दुकानदाराला तसे म्हणायला लाजू नये.

कोल्हापूरच्या अंबाबाईची गत याहून वाईट. तिच्या उजव्या खालच्या हातात म्हाळुंगाचे फळ, उजव्या वरच्या हातात जमिनीला टेकलेली गदा, डाव्या वरच्या हातात ढाल आणि डाव्या खालच्या हातात पानपात्र असते. डोक्यावर लिंग आणि नाग, मागे सिंह. बाजारात ‘कोल्हापूरची महालक्ष्मी’ म्हणून जी पितळी मूर्ती देतात तिच्या वरच्या दोन हातांत कमळे असतात, एक हात वरद आणि बहुतेकदा त्यातून नाणी पडत असतात. ती विष्णुपत्नी लक्ष्मी. पूजेला तिचीही मूर्ती चांगलीच, पण जिच्या नावावर विकली जाते ती ती नव्हे. गदा आणि ढाल हाती असलेल्या देवीला नाण्यांचे काय काम?

खंडोबाच्या मूर्तीत चार हातांत खड्ग, त्रिशूळ, डमरू आणि भंडाऱ्याचे पात्र हवे. अश्वारूढ मूर्ती असेल तर घोड्यावर पुढे म्हाळसा, खाली कुत्रा, आणि घोड्याच्या पायांशी मणी आणि मल्ल हे दैत्य. मार्तंडभैरवाने, म्हणजे खंडोबानेच, या दोघांशी सहा दिवस युद्ध केले, म्हणून मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा ते षष्ठी हे खंडोबाचे नवरात्र आणि चंपाषष्ठीला त्याची सांगता. मणीने शरण येऊन आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि देवापाशी जागा मागितली, तोच हा घोडा असे सांगतात. स्वस्त ओतकामात मणी-मल्ल म्हणजे घोड्याच्या पोटाखालचे दोन उंचवटे होतात, आणि कुत्रा घोड्याच्या मागच्या पायाला चिकटून पायाच जाड झाल्यासारखा दिसतो. भंडारपात्राचे कमंडलू झालेलेही पुष्कळदा दिसते. तीन शिरांच्या दत्ताच्या सहा हातांत कमंडलू आणि माळ, डमरू आणि त्रिशूळ, शंख आणि चक्र अशा जोड्या असतात. तीन इंचांत ते सहाही हात सुटे ओतणे अवघड, म्हणून मागचे हात प्रभावळीसारख्या एका पातळ पत्रीवर उठवतात. ती पत्री मूर्तीची सर्वांत नाजूक जागा, आणि पुसताना धरायची सवय नेमकी तिथेच असते.

विठ्ठलाच्या हातांत शंख आणि कमळाचा देठ असला तरी ओळख पटते ती कटीवरच्या हातांनी आणि पायाखालच्या विटेने. इथे बघायची जागा म्हणजे कोपर आणि कंबर यांच्यामधली फट. चांगल्या मूर्तीत ती आरपार असते. घाईच्या कामात तिथे पितळेचा पापुद्रा तसाच राहतो आणि विठोबाने शाल पांघरल्यासारखे दिसते.

रांगत्या बाळकृष्णाला मात्र ओताऱ्याने मनापासून दाद द्यावी अशी मुद्रा लाभली आहे. दोन गुडघे आणि डावा तळवा असे तीन टेकू असल्यामुळे मूर्ती बैठकीशिवाय उभी राहते, आणि उजव्या हातातला लोण्याचा गोळा गोल असल्याने तुटत नाही. शंभर वर्षे झिजलेला बाळकृष्णही बाळकृष्णच दिसतो, याचे श्रेय त्या गोळ्याला.

आता ही आयुधे मुळात कमी का झाली? त्याचे कारण ओतण्याच्या पद्धतीत आहे.

जुनी रीत मेणाची. मेणात राळ आणि थोडे तेल घालून मऊ केलेल्या गोळ्यातून मूर्ती हाताने घडवायची, पळीसुद्धा मेणाच्या दोऱ्याची वळून लावायची. तिच्यावर आधी गाळलेल्या बारीक मातीचा दह्याइतका पातळ लेप, तो सावलीत वाळला की दुसरा, मग भुसा मिसळलेल्या जाड मातीचे थर. तापवल्यावर मेण वाहून जाते आणि त्या पोकळीत साचा गरम असतानाच धातू ओततात. साचा गार झालेला असेल तर धातू बोटांच्या टोकांपर्यंत पोहोचण्याआधीच थिजतो. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसऱ्याने मानसोल्लासात ही कृती लिहून ठेवली आहे आणि मेणाच्या वजनावरून धातू किती घ्यायचा तेही सांगितले आहे. त्यामागचा हिशेब सोपा आहे. पितळ मेणाच्या सुमारे नऊपट जड. शंभर ग्रॅम मेणाच्या मूर्तीला नऊशे ग्रॅम पितळ, शिवाय ओतवाटेत अडकणारे वेगळे. या रीतीत साचा फोडावाच लागतो, म्हणजे एका साच्यात एकच मूर्ती. तमिळनाडूतल्या स्वामीमलईला आजही कावेरीच्या गाळमातीत असे काम चालते, बस्तरच्या ढोकरा कामाचे मूळही हेच.

बाजारातले बहुतेक छोटे देव वाळूच्या साच्यातले. मुरादाबाद आणि अलिगढ ही त्यांची मोठी ठिकाणे. चिकणमाती मिसळलेली ओलसर वाळू दोन पेट्यांत ठासतात. मुठीत दाबल्यावर गोळा राहील आणि तळव्याला पाणी लागणार नाही इतकाच ओलावा हवा. जास्त झाला तर वाफ धरते आणि मूर्तीला भोके पडतात. अर्धी मूर्ती एका पेटीत, अर्धी दुसरीत अशी फर्म्याची, म्हणजे मूळ नमुन्याची, छाप घ्यायची, फर्मा उचलायचा, पेट्या जुळवून धातू ओतायचा. फर्मा सरळ वर उचलला जातो, त्यामुळे आतल्या अंगाला वळलेला कोणताही भाग वाळू तोडूनच बाहेर येतो. म्हणूनच या मूर्तींत गणपतीची सोंड पोटाला चिकटलेली, कोपरे बरगड्यांना लागलेली आणि आयुधे छातीवर किंवा खांद्यावर टेकलेली दिसतात. त्यात शिल्पशास्त्र नाही, वाळूची सोय आहे. कानाच्या मागून खांद्यावरून बैठकीपर्यंत उतरणारी बारीक रेघ ही पेट्यांच्या सांध्याची खूण. वरची अर्धी मूर्ती खालच्या अर्धीवर मिलिमीटरभर सरकलेली असेल तर पेट्या नीट जुळल्या नव्हत्या.

इथपर्यंत ठीक. वाळूतही चांगले देव निघतात. बिघडते ते नकलेमुळे. फर्मा कोरून घेणे महाग, म्हणून बाजारातली तयार मूर्तीच फर्मा म्हणून वाळूत दाबतात. पितळ गार होताना दीड ते दोन टक्के आकसते. चार इंचांची मूर्ती, तिची नक्कल, त्या नकलेची नक्कल, असे चार पिढ्या गेले की उंची आठ टक्क्यांपर्यंत घटते. उंचीचे फारसे काही बिघडत नाही. पण दर पिढीला कडा बोथट होतात, वर बफिंगच्या, म्हणजे चकाकी आणणाऱ्या, चाकावर आणखी काही दशांश मिलिमीटर जातात. दोन मिलिमीटरच्या खड्गाला हे झेपत नाही. चौथ्या पिढीत खंडोबाच्या मुठीत नुसते बोंड उरते. दुकानात एकाच देवाच्या दोन मूर्ती शेजारी ठेवून बघा. एक किंचित लहान आणि सगळीकडून साबणाच्या वापरलेल्या वडीसारखी गुळगुळीत असेल, तर ती नक्कल.

धातूबद्दलही दोन शब्द. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, साधारण ६० ते ७० टक्के तांबे. तांबे १०८५ अंश सेल्सियसला वितळते, तर जस्त ९०७ अंशांनाच उकळू लागते. म्हणून मुशीतून पांढरा धूर निघतो आणि दर वितळीला थोडे जस्त उडून जाते. जाणता ओतारी शेवटी वरून जस्त टाकतो. ते न टाकता पुन्हा पुन्हा भंगार वितळवले की पितळ तांबूस होते. भंगारात जुने नळ आणि यंत्रांचे सुटे भाग असले तर दोन-तीन टक्के शिसेही येते. त्याने धातू कापायला सोपा जातो, म्हणून ते मुळात घातलेले असते. घाबरायचे कारण नाही, पण रांगत्या बाळकृष्णाला रांगत्या बाळाच्या तोंडात जाऊ देऊ नये. ‘पंचधातू’ हा शब्द किमतीच्या चिठ्ठीवर वाचून भुलू नका. परंपरेत त्यात सोने आणि रूपेही धरतात. पितळेच्या भावात ते कोण देईल?

घेताना खरे पितळ ओळखायला लोक चुंबक लावतात. चुंबकाने फक्त लोखंड कळते. वरून पितळी मुलामा दिलेला जस्ताचा देव चुंबकाला चिकटत नाही. त्यापेक्षा स्वयंपाकघरातला वजनकाटा कामाचा. मूर्तीचे कोरडे वजन लिहून घ्या. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. मूर्तीला दोरा बांधून ती पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही अशी धरा. काटा जो आकडा दाखवेल तितके मिलिलिटर मूर्तीचे आकारमान. २५५ ग्रॅमची अन्नपूर्णा पाण्यात ३० दाखवत असेल तर २५५ भागिले ३०, म्हणजे साडेआठ. पितळ ८.४ ते ८.७ च्या आसपास येते. साडेसहा-पावणेसात आले तर जस्ताचे मिश्रधातू, दोनच्या आसपास आले तर रेझिनवर रंग. मूर्ती आधी ओली करून हाताने चोळा, नाही तर बगलेत आणि कानामागे बुडबुडे राहतात आणि उत्तर कमी येते. शंभर ग्रॅमच्या आतल्या मूर्तीला घरचा एक ग्रॅमचा काटा पुरत नाही. साठ ग्रॅमच्या देवात एका ग्रॅमच्या चुकीने उत्तर साडेसातापासून दहापर्यंत कुठेही जाते. तिथे सोनाराचा काटा हवा. या परीक्षेत पितळ आणि कासे वेगळे ओळखू येत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

उत्तर कमी आले म्हणजे धातू खोटाच असे नाही. छोट्या मूर्ती भरीव असतात, मोठ्या पोकळ. पितळी देव वजनावर विकले जातात, म्हणून पोकळ बैठकीत राळ किंवा सिमेंट भरून वर पत्री लावण्याची युक्ती चालते. मूर्ती उलटी करून बैठक बघा. पत्री असेल तर नाण्याने टिचकी मारा, भरीव पितळेचा आवाज खणखणीत येतो आणि भरलेल्या बैठकीचा बद्द. मग मूर्ती काचेवर ठेवून डुलते का ते पाहा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हात मोजा, हातातल्या वस्तू मोजा. हॉलमार्क सोन्या-चांदीला आहे, पितळेला नाही. पावतीवर धातू आणि वजन लिहून मागणे एवढेच गिऱ्हाइकाच्या हाती आहे.

आता धुणे. रोजच्या पूजेला साधे पाणी आणि मऊ सुती कापड पुरे. खरी काळजी गंध, कुंकू, तूप आणि कापराची काजळी यांची, कारण ती नेमकी बोटांच्या आणि आयुधांच्या खाचांत बसतात. त्यासाठी महिन्यातून एकदा कोमट पाण्यात मूर्ती वीस मिनिटे ठेवावी. तुपाचा थर असेल तर पाच-सहा रिठे अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवून ते पाणी वापरावे. खाचांना लहान मुलांचा मऊ ब्रश किंवा लाकडी दातकोरणे, सुई किंवा टाचणी कधीच नाही. तूप न काढता वर थेट चिंच लावली तर तुपाखाली चिंच पोचत नाही, मूर्ती ठिपक्याठिपक्यांनी उजळते आणि लोक मग जोर लावतात. निम्मी मोडतोड या जोराने होते.

उजळायचे ते वर्षातून दोनदा, फार तर तीनदा. लिंबाएवढी चिंच पेलाभर कोमट पाण्यात भिजवून कोळ गाळून घ्यावा. मीठ घालू नये. मिठातला क्लोराइड खाचांत राहतो आणि पावसाळी हवेत तिथे हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा उगवते. कोळ कापसाने लावावा आणि दोन मिनिटांत, जास्तीत जास्त तीन, धुऊन टाकावा. चिंचेचे आम्ल आधी वरचा काळा थर विरघळवते. तो संपला की धातूलाच हात घालते, आणि पितळेत आम्लापुढे पहिल्यांदा जाते ते जस्त. मागे राहते तांबे. रात्रभर बुडवलेल्या देवाचा गुलाबी रंग तो हाच. पहाटेपर्यंत मूर्तीच्या कातडीचे पितळ राहिलेले नसते. हा रंग घासूनच निघतो, आणि घासणे म्हणजे आणखी धातू घालवणे. फिकट असेल तर तसाच राहू द्यावा, वापराने मिटतो. लिंबाचेही तेच. संडास धुण्याच्या आम्लाचे तर नावच नको, आणि अमोनिया असलेल्या काच-पुसणीने ताण असलेल्या पितळेला चिरा जातात.

चिंचेनंतर एक लिटर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यात मूर्ती बुडवून काढावी, म्हणजे उरलेले आम्ल मरते. मग दोनदा स्वच्छ पाणी, कापडाने टिपणे, आणि दहा-पंधरा मिनिटे ऊन. हे ऊन लोक टाळतात आणि दुसऱ्या दिवशी काळे डाग पडले म्हणून चिंचेला दोष देतात. डाग खाचेतल्या पाण्याने पडतात.

घासायला जुन्या बायका वापरत ती लाकडाची राखुंडी आजही उत्तम, मात्र फडक्यातून गाळलेली आणि चिमूटभरच. विटेचा भुगा मूर्तीला ओरखडतो. रांगोळीही नको, ती शिरगोळ्याची म्हणजे दगडाचीच पूड. तयार पावडर वापरली तरी ती आधी तळव्यावर पाण्यात कालवून, बोटाने पाठीला आणि बैठकीला लावावी. नाक, बोटे आणि आयुधे यांना पावडर लावूच नये, ती नुसत्या कोळाने उजळतात. चांदीचे टाक वेगळेच धुवावेत. टाक म्हणजे ठशावर ठोकून उठवलेला पातळ पत्रा. अंगठ्याने दाबून चोळला की घोड्याचे डोके आधी चेपते आणि पुढे तिथेच भोक पडते.

नवी मूर्ती घेतल्यावर सहा महिन्यांनी ती चट्ट्यापट्ट्याने काळी पडू लागली, तर दोष पितळेचा नसतो. वर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, पातळ थर असतो. नाकावर आणि बैठकीवर तो उडतो, तिथे हवा लागते. वरून कितीही घासले तरी उपयोग नाही, आधी सगळा थर काढावा. ॲसिटोन कापसावर घेऊन, खिडकी उघडी ठेवून आणि समई-निरांजन विझवून. पूजेतल्या मूर्तीला पुन्हा लॅकर लावण्यात अर्थ नाही. शोभेच्या मूर्तीला पातळ मेण चालते.

अभिषेकाचा मुद्दा अनेकांना नाजूक वाटतो, पण तोही स्वयंपाकघरातलाच आहे. कल्हई नसलेल्या पितळेच्या पातेल्यात ताक कोणी ठेवत नाही, ते कळकते. पंचामृतात दही असतेच. मूर्तीवर पंचामृत घालायला हरकत नाही, पण ते ताम्हणात तासभर तसेच ठेवून मग तीर्थ म्हणून वाटू नये. तीर्थासाठी पंचामृत चांदीच्या किंवा स्टीलच्या वाटीत आधीच वेगळे काढावे, देवावरचे लगेच पाण्याने धुवावे. दगडाच्या देवालाही अभिषेक सोसत नाही. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूळ मूर्तीवर २०१५ मध्ये रासायनिक संवर्धन करावे लागले.

मूर्तीला ‘घाम फुटला’ म्हणून अधूनमधून बोलबाला होतो, त्याचेही मूळ बहुतेकदा ओतकामात असते. वाफेने पडलेल्या बारीक भोकांत दूध-पाणी शिरते आणि दमट हवेत हिरवट थेंब होऊन बाहेर येते. त्यात मीठ असेल तर ते हवेतली ओल आणखी ओढते. मूर्ती दोन-तीनदा कोमट साध्या पाण्यात तास-तासभर ठेवून, दर वेळी पाणी बदलून, मग उन्हात नीट वाळवली की थेंब कमी होतात.

हात किंवा खड्ग तुटले तर तुकडा फेकू नका, खिशातल्या सुपारीच्या डबीत का होईना, जपून ठेवा. मूळ तुकड्याने जोड दिसत नाही. फेव्हिक्विक लावू नये. तो पाण्याने सुटतो आणि त्याचा काच झालेला थर पुढे डाख, म्हणजे धातू वितळवून दिलेला सांधा, धरू देत नाही. डाख देणाऱ्याला शिसे नसलेले कथील मागावे, किंवा सोनाराकडून चांदीचा झाळ लावून घ्यावा. झाळ पक्का, पण त्याला सहाशे अंशांच्या वर तापवावे लागते, मूर्ती काळी होते आणि पुन्हा उजळावी लागते. खंडित मूर्ती पूजेत ठेवावी की विसर्जन करावे, हे घराण्याच्या रीतीने ठरवावे. त्यात धातूचा काही संबंध नाही.

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे आजीचे देव धाडणाऱ्यांसाठी एक सूचना. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा अधिक जुनी मूर्ती ही पुरावस्तू ठरते. ती घरची असली तरी देशाबाहेर नेता येत नाही. मूर्ती तितकी जुनी नसेल, पण दिसायला जुनी असेल, तर विमानतळावर वाद घालण्यापेक्षा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी काढावा. उलट बाजूने, ‘दोनशे वर्षांची पेशवेकालीन मूर्ती’ म्हणून विकणाऱ्यांकडेही नीट बघावे. खरी झीज नाक, गुडघे, पोट आणि जिथे रोज बोट टेकते तिथे असते, पाठ आणि बगल त्यामानाने शाबूत. आम्लात बुडवून जुनी केलेली मूर्ती सगळीकडून सारखीच खरवडलेली असते, आणि खाचांतला काळा रंग ॲसिटोनच्या बोळ्यावर उतरतो.

संपादक महाशय, दसऱ्याच्या पुरवणीत उजळण्याचे उपाय छापताना एक चौकट जास्त द्यावी, ही विनंती. देव सोनाराकडे किंवा उजळणाऱ्याकडे देण्याआधी दर मूर्तीचे चार बाजूंनी फोटो काढावेत, वजन ग्रॅममध्ये लिहावे आणि कोणत्या हातात काय आहे ते त्याखाली नोंदवावे. अन्नपूर्णा, पळी. खंडोबा, खड्ग, त्रिशूळ, डमरू, भंडारपात्र. परत आल्यावर पुन्हा मोजावे. वजनात दोन-चार ग्रॅम कमी भरले तर ते बफिंगच्या चाकावर गेले. पुढच्या दसऱ्याला ती मूर्ती उजळायला न देता घरीच धुवावी.

आपला,
देवघरातल्या धातुमूर्तींचा एक अभ्यासक
पुणे